अडीचशे माणसांचा हापसा

ग्रामीण पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष कित्येक वर्षं असा होता : दर अडीचशे माणसांमागे एक हातपंप आणि माणशी दिवसाला ४० लिटर पाणी. कागदावर हा आकडा अगदी साधा दिसतो. गुणाकार केला की त्याचे १०,००० लिटर होतात. चांगल्या स्थितीतला हातपंप मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी वर आणतो. म्हणजे निकष पाळायचा तर दांडा रोज जवळपास चौदा तास हलत राहायला हवा, मध्ये न थांबता. पाच माणसांच्या एका घरापुरता पंप असेल, तर याच हिशेबाने त्याचं दिवसाचं काम सतरा मिनिटांत संपतं.

भारतातल्या खेड्यांच्या वाट्याला सुरुवातीला आला तो हा सतरा मिनिटांचा पंप. युरोप-अमेरिकेतल्या एकेका शेतघराच्या अंगणासाठी बनलेल्या बिडाच्या पंपांच्या नकला इथल्या कारखान्यांत ओतल्या गेल्या आणि गावच्या चावडीपुढे बसवल्या गेल्या. मूळ पंप वाईट नव्हता. तो एका कुटुंबाचा होता, एवढंच. इथे त्याच्याभोवती पहाटेपासून रांग लागली. महिन्या-दोन महिन्यांत खिळी झिजायची, दांडा लटपटायचा, मग बीड तडकायचं. तडकलेलं बीड गावच्या लोहाराला सांधता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला युनिसेफने पाहणी केली, तेव्हा कोणत्याही एका वेळी चारांतले तीन पंप बंद सापडले.

दोष नेहमीप्रमाणे गावकऱ्यांवर गेला. बायका दांडा आपटतात, पोरं लोंबकळतात, कुणाला सार्वजनिक वस्तूची कदर नाही, असं बोललं जाई. वस्तू ज्यांनी आखली त्यांनी वापरणाऱ्यांची डोकी मोजलीच नव्हती, हे कुणी म्हणत नव्हतं. आणि पंप बंद पडला म्हणून कुणाचं अडत होतं, तेही उघड होतं. ज्यांच्या शेतात स्वतःची विहीर होती त्यांचं अडत नव्हतं.

या गोष्टीत जालन्याचं नाव येतं, आणि ते महत्त्वाच्या जागी येतं. खुद्द जालन्यात मात्र ते फारसं कुणाच्या तोंडी नसतं. जालना म्हटलं की बियाणं, मोसंबी आणि पोलादाच्या रोलिंग मिल आठवतात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली, पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. ‘जालना पंप’ हे नाव मात्र पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांच्या पुस्तकांतच राहिलं.

जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण शेषाद्री या मराठी ब्राह्मण धर्मोपदेशकाने जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभी केली, आणि तिथे आलेल्यांत मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येने होती. गावच्या विहिरीवर ज्यांना दोर सोडता येत नव्हता, अशी ही माणसं. त्या मिशनच्या नव्या पिढीतल्या लोकांनी साठच्या दशकात पाण्यासाठी खडक फोडण्याचं काम हाती घेतलं, यात नवल नाही.

खडक हा इथला खरा मालक आहे. मराठवाडा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. या दगडात पाणी साठतं ते भेगांत आणि सांध्यांत, मातीत मुरल्यासारखं सगळीकडे सारखं नाही. हाताने खणलेली विहीर चाळीस-पन्नास फुटांवर थबकते आणि दुष्काळात आधी तीच कोरडी पडते. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा खाली भोकातच आपटत नेणारी छिद्रणयंत्रं साठच्या दशकात भारतात आली. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रं आणवली. महाराष्ट्रात काही स्वयंसेवी आणि मिशनरी संस्था त्याच सुमारास बोअर घेऊ लागल्या होत्या. सहा इंचांचं भोक शंभर-दीडशे फूट खाली गेलं की पाणी लागायचं. पण इतक्या अरुंद भोकात पोहरा कसा सोडणार? पंप लागणारच, आणि बाजारातला पंप दोन महिन्यांत मरत होता.

जालन्यातल्या लोकांनी यावर जो पंप बनवला त्यात डौलदार असं काही नव्हतं. बिडाऐवजी पोलाद, ओतकामाऐवजी जोडकाम, आणि ठिकठिकाणी झिजणाऱ्या खिळ्यांऐवजी एकच भक्कम सांधा. मोडला तर तालुक्याच्या गावात वेल्डिंग करून घेता यावा, इतका तो सरळ होता. सोलापुरात तिथल्या विहीर-सेवेच्या मंडळींनी पुढची पायरी गाठली. दांड्याच्या टोकाला वर्तुळाचा चतकोर बसवला आणि त्यावरून साखळी सोडली. त्यामुळे दांडा कसाही वर-खाली झाला तरी आतली सळई सरळ रेषेतच हलते, आडवी ओढली जात नाही. सांध्यात बंदिस्त बॉल-बेअरिंग आले, रोज वंगण घालायची गरज संपली.

युनिसेफने आणि केंद्र सरकारने सत्तरच्या दशकात राष्ट्रीय पंप ठरवायला घेतला, तेव्हा समोर सर्वांत टिकाऊ नमुना सोलापूरचा होता. मद्रासमधल्या यंत्र-संशोधन संस्थेने आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्याने तो मोठ्या संख्येने बनवण्याजोगा केला, कोइम्बतूर भागात खोल बोअरवर चाचण्या झाल्या, आणि त्याचं नाव पडलं ‘इंडिया मार्क टू’. १९७९ साली त्याचं भारतीय मानक आलं. गावोगाव दिसणारा, तीन पायांच्या चौथऱ्यावर उभा राहिलेला, चौकोनी डोक्याचा आणि लांब दांड्याचा हापसा तो हाच. पाया काँक्रीटमध्ये स्वतंत्र पुरलेला, त्यामुळे दांड्याचा धक्का बोअरच्या नळीवर येत नाही. डोकं झाकणबंद, म्हणजे पोरांना आत खडे टाकता येत नाहीत. पोरं खडे टाकणार हे आधीच धरून चाललेली ही रचना आहे. चिडलेल्या सूचनाफलकापेक्षा ती कितीतरी शहाणी.

या पंपावर कुणा एका डिझायनरची सही नाही. त्याचं पेटंट कुणीच ठेवलं नाही. आराखडा खुला, मानक ठरलेलं, तपासणी कडक. ज्याला जमेल त्याने बनवावा. डझनावारी कारखाने निघाले, किंमत आटोक्यात राहिली आणि सुटे भाग सगळीकडे मिळू लागले. पुढे हाच पंप आफ्रिकेतल्या देशांत गेला आणि जगात सर्वाधिक वापरला जाणारा हातपंप ठरला. डिझाइनच्या चकचकीत पुस्तकांत खुर्च्यांना आणि दिव्यांना पानंच्या पानं मिळतात. कोट्यवधी माणसांना पाणी देणाऱ्या या लोखंडी प्राण्याला क्वचितच एखादं मिळतं.

उलट उदाहरण फार लांब शोधावं लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाची कल्पना निघाली : मुलांनी गोल फिरणारा पाळणा फिरवायचा आणि त्या फिरण्याने पाणी वर टाकीत चढायचं. फोटो सुंदर यायचे. २००६ साली अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी या पंपासाठी १.६४ कोटी डॉलरच्या मदतीची घोषणा केली. एका पंपाने २,५०० माणसांना पाणी द्यायचं होतं. ‘गार्डियन’ दैनिकाने २००९ साली साधं गणित मांडलं : तेवढं पाणी काढायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. अनेक गावांत अखेर बायाच तो पाळणा ढकलू लागल्या, आणि तो हातपंपापेक्षा जड जात होता. काही ठिकाणी आधीचा चालू हातपंप काढून तिथे हा पाळणा बसवला होता. गरिबांसाठी काही करताना माणसं मोजायची राहून जातात. देणाऱ्याला आवडणारं चित्र मात्र आधी काढून होतं.

भारतातल्या आधुनिक डिझाइन-शिक्षणाची सुरुवातही पाण्याच्या भांड्यापासून झाली. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात लोट्याचं अफाट कौतुक आहे. लोटा आखायचा म्हटलं तर किती प्रश्न विचारावे लागतील, याची लांबलचक यादीच त्यांनी दिली : पाणी किती मावावं, उचलणारा हात किती मोठा, भांडं डोक्यावरून न्यायचं की कमरेवरून, ओतताना धार कशी पडावी, उन्हात ते कसं दिसावं. यादी आजही वाचावी अशी आहे. पण हा लोटा कोणत्या पाणवठ्यात कुणाला बुडवता येतो, हा प्रश्न त्या यादीत नाही.

महाराष्ट्राला तो प्रश्न तोवर चांगला ठाऊक होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. मराठवाड्यातला प्रसंग त्यानंतरचा, १९३४ सालचा, आणि तो डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वेरूळची लेणी पाहायला निघालेली त्यांची मंडळी वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर उतरली. दाराशी काठोकाठ भरलेलं टाकं होतं. प्रवासाची धूळ धुवायला काहींनी त्यातल्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा करत जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर पहारा ठेवायला एक हत्यारी शिपाई सोबत दिला गेला.

झाकलेल्या बोअरवरच्या हापशाने या व्यवस्थेला एक चमत्कारिक धक्का दिला. उघड्या विहिरीत प्रत्येकाचा पोहरा उतरतो, म्हणून ‘कुणाचा पोहरा’ हा वाद. हापशात कुणाचंच भांडं आत जात नाही. पाणी जमिनीखाली, कुणाच्या स्पर्शाच्या पलीकडे. विटाळाचं सगळं तर्कशास्त्र इथे निकामी व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. विटाळ पाण्यावरून दांड्यावर सरकला. दलित बाईने हापसल्यावर दांडा आणि तोटी राखेने घासून मगच आपली घागर लावायची, वेगळी रांग करायची, ‘आमचं भरू दे मग तुम्ही या’ म्हणायचं, असे प्रकार अनेक राज्यांतून नोंदले गेले. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची एक मोठी पाहणी ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ या नावाने २००६ साली पुस्तकरूपात आली. त्यातल्या सुमारे ४८ टक्के गावांत दलितांना सार्वजनिक पाण्यापासून रोखलं जात होतं. तोवर हापसा गावोगाव पोहोचून वीस-पंचवीस वर्षं झाली होती.

यंत्राने जे साधलं नाही, ते काही अंशी जागेने साधलं. पंप दलित वस्तीतच बसवायचा, असा आग्रह धोरणात आला, तेव्हा त्या वस्तीतल्या बाईला दुसऱ्याच्या आळीत जाऊन ताटकळत उभं राहायची गरज उरली नाही. म्हणूनच बोअरचा पॉइंट कुठे द्यायचा, हा गावातला सर्वांत तापट प्रश्न असतो. महाराष्ट्रात १९७२ पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिचा भूवैज्ञानिक खडकातली भेग शोधतो, सरपंचाला आपली आळी दिसत असते, आणि अंतिम खूण या दोघांच्या मधे कुठेतरी पडते. आराखड्यात ज्याला ‘स्थळनिश्चिती’ म्हणतात ती अशी होते. पंपाच्या पोलादावर जेवढा विचार झाला त्याच्या दहाव्या हिश्शानेही या खुणेवर झालेला नाही.

बायकांच्या अंगाने पाहिलं तर या नामवंत पंपातही खोट आहे. खोल बोअरवर दांडा जड जातो. दहा वर्षांची मुलगी तो दाबताना जमिनीवरून उचलली जाते. घागर भरते पायांच्या पातळीवर, आणि पंधरा किलोंचा हंडा तिथून डोक्यापर्यंत न्यायचं काम पंपाचा कोणताच भाग करत नाही. कंबरेएवढा एक ओटा बांधला तर हे दुखणं निम्मं होतं. कुठे कुठे असे ओटे आहेतही, पण मानक नकाशात बाईची कंबर मोजायचं राहूनच गेलं.

दुरुस्तीतही तीच गत. मार्क टू सहसा बिघडत नाही, पण बिघडला की पंचेचाळीस मीटर लोखंडी पाइप वर ओढावा लागतो. त्याला तिपाई लागते, चार-पाच माणसं लागतात, तालुक्याहून गाडी यावी लागते. त्यामुळे पंप गावाचा आणि पाना सरकारचा, अशी वाटणी झाली. यावर दोन उपाय निघाले. एक यंत्रातला : ऐंशीच्या दशकात कोइम्बतूरच्या चाचण्यांतून ‘मार्क थ्री’ आला, त्यात रुंद पाइपमधून फक्त आतला दट्ट्या वर काढता येतो, गावातच वायसर बदलता येतं. तो महाग पडला आणि फार पसरला नाही. दुसरा उपाय माणसांतला. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने गावातल्याच तरुणांना हँडपंप मिस्त्री केलं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमाने दलित बायकांना पाने हातात दिले. जिच्या स्पर्शाने दांडा बाटतो असं म्हटलं जाई, तीच तो उघडून दुरुस्त करू लागली आणि गावाला तिची वाट पाहावी लागली. याच कार्यक्रमात बायकांचं एक हस्तलिखित वार्तापत्र निघालं, आणि त्या परंपरेतून पुढे २००२ साली ‘खबर लहरिया’ हे गाजलेलं वृत्तपत्र उभं राहिलं. पाना आणि पेन एकाच शिबिरातून निघाले, असं म्हणायला हरकत नाही.

हापशाचा खरा शत्रू मात्र जातही नव्हे आणि गंजही नव्हे. तो वीस पावलांवरच्या शेतातला बोअर आहे. हातपंप पन्नास मीटरपर्यंतचं, म्हणजे दीडशे फुटांच्या आसपासचं पाणी उचलतो. पाणबुडी मोटारीला असली मर्यादा नाही. मराठवाड्यात पाचशे-सातशे फूट बोअर घेणं आता नवलाचं राहिलेलं नाही. ज्याच्याकडे पैसा तो खाली जातो, पातळी त्याच्या मागोमाग खाली जाते, आणि सार्वजनिक हापसा कोरडा खडखडत राहतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं जगवायला टँकर लावले, बोअरवर बोअर घेतले. बागायतदाराचं दुःख खोटं नव्हतं. कर्जावर उभी केलेली बाग डोळ्यांदेखत जळताना कोण हात बांधून बसेल? पण त्या धावपळीत ज्यांच्या नावावर ना बाग ना बोअर, त्यांचं पाणी आधी आटलं.

कायदा आहे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर खोदायला बंदी केली. २००९ च्या नव्या अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. ही दोन अंतरं गावात टेप लावून मोजली तर काय सापडेल, हे मराठवाड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

शेततळ्यांची कथाही याच वळणाची आहे. जालना तालुक्यातल्या कडवंचीने नव्वदच्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम केलं, पुढे शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या केल्या आणि दुष्काळात तग धरला. तिचं कौतुक योग्यच आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कल्पना पावसाचं वाहतं पाणी अडवण्याची होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर लागलं आणि तो पावसाने नव्हे, तर विहिरी-बोअरच्या उपशाने भरला. सगळ्यांच्या पायाखालचं पाणी वर काढून एकाच्या कुंपणात उन्हाला ठेवलं गेलं. नकाशा तोच, खड्डाही तोच. फक्त पाणी उलट दिशेने आलं.

याच राज्यात सरळ बुद्धीची उदाहरणंही आहेत. भूजल यंत्रणेने दुहेरी पंपाची योजना आणली : हापशाच्याच बोअरमध्ये सौर ऊर्जेवरचा छोटा पंप सोडायचा, त्याने दिवसा टाकी भरायची, टाकीवरून नळ द्यायचे आणि हापसा मात्र जागेवरच ठेवायचा. ढग आले, पॅनेल चोरीला गेलं, तरी दांडा आहेच. वीज नसलेल्या आदिवासी पाड्यांवर ही योजना बरी चालली. नवं आणताना जुनं न उखडण्याचं भान तिच्यात आहे.

आता हापशाचा काळ संपत आल्यासारखा वाटतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली : प्रत्येक घरात नळ, माणशी ५५ लिटर. जालन्यातल्या वाड्या-वस्त्यांवर टाक्या उभ्या राहिल्या, पाइप पुरले गेले. नळाचंही गणित हापशासारखंच मोजून पाहावं लागतं. टाकीजवळच्या घराला दाब जास्त मिळतो, टोकाच्या घराला कमी. मधल्या कुणी नळालाच मोटार लावली की टोकाला हवा येते. आणि आपल्या गावांत ओळीच्या टोकाला कोण राहतं, हे गावठाणाचा नकाशा आखला गेला तेव्हाच ठरलेलं आहे.

म्हणून ग्रामसभेत योजना ताब्यात घेण्याचा ठराव येईल, तेव्हा सही करण्याआधी एवढं करावं. शेवटच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाखाली, सगळे नळ सुरू असताना, एक हंडा ठेवून तो किती मिनिटांत भरतो ते घड्याळ लावून पाहावं आणि तो आकडा ठरावात लिहून घ्यावा. हापसा चालू असेल तर तो काढू देऊ नये.